लालखडूची पहिली होडी

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याने ते हातात घेतलं, मनगटावरच्या घड्याळाशेजारी धरलं आणि माइकवर सांगितलं, "दोन मिनिटं मागे आहे." टाळ्या थांबल्या. मग लोकांना आठवलं की हा माणूस उद्यापासून येणार नाही, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आधीपेक्षा जोरात.

कारखाना पितळी व्हॉल्व्हचा होता आणि हा शेवटच्या तपासणीला. व्हॉल्व्ह ओतून, कातून, घासून, चार खात्यांचा घाम पिऊन एका लांब टेबलावर याच्यापुढे येत. याच्या हातात व्हर्नियर, म्हणजे पोलादी चिमट्यासारखं ते माप, ज्याला केसाएवढा फरकही कळतो. खिशात लाल खडू. फरक दिसला की फुली, फुली पडली की माल परत भट्टीत. म्हणून त्याचं नाव पडलं लालखडू. ते आधी भट्टीवर पडलं, मग कँटीनमध्ये आलं, तिथून त्याच्या पाठोपाठ घरापर्यंत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं ते तिथेच राहिलं. "लालखडूला स्वर्गाच्या दारात उभं केलं तर तो आधी बिजागरी तपासेल," असं भट्टीवाले म्हणत. हे त्याच्याही कानावर आलं होतं. त्याला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. बिजागरी तपासायलाच हवी.

एवढ्या आयुष्यात त्याने स्वतः मात्र एकही वस्तू बनवली नव्हती. तसं त्याला कोणी विचारलंही नाही. न्यायाधीशाला कोणी विचारतं का, साहेब, तुम्ही शेवटची चोरी कधी केली?

घरी बसल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने घर तपासलं. नळाचे वॉशर, दुधाच्या पिशवीचं माप, जिन्याच्या पायऱ्यांची उंची. तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट उंच निघाली. इतकी वर्षं आपण रोज चुकीची पायरी चढत होतो, या विचाराने त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. खालच्या मजल्यावरच्यांना त्याने ते जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावताना "हो का?" म्हटलं. म्हणजे दार आधी लागलं, "हो का" नंतर आलं.

मग तो बाहेरच्या खोलीत पोचला.

बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोचा शिवणवर्ग होता. चार मशिनं, मध्ये कापडं बेतायचं मोठं टेबल, कोपऱ्यात वाफेची इस्त्री, भिंतीला कागदी बेतांचे गठ्ठे. वर्गाला येणाऱ्या तिला "बाई" म्हणत. हा वर्ग लग्नानंतर थोड्याच वर्षांत सुरू झाला होता आणि तो कारखान्यातून परतायच्या आत रोज सुटत असे, खोली झाडली जात असे, दोऱ्यांचे तुकडे गोळा होत असत. आपल्या घरात दिवसभर आणखी एक कारखाना चालतो आणि त्याला तपासनीसच नाही, हे त्याला निवृत्त झाल्यावर कळलं. त्याला वाटलं, बरं झालं, वेळेत लक्षात आलं.

वर्गात एक कॅशिअरबाई होती. बँकेत दिवसभर दुसऱ्यांचं मोजून कंटाळलेली, सुट्टी काढून शिवण शिकायला आलेली. तिने पहिलाच उशीचा अभ्रा पुरा केला, उलटा करून सुलटा केला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. लालखडू दारातून आत आला, अभ्र्याच्या काठाला व्हर्नियर लावलं आणि म्हणाला, "इथे बारा. इथे साडेचौदा." आणि त्या पांढऱ्या कापडावर त्याने एक सुबक लाल फुली काढली.

"काका, हे धुतलं की जाईल ना?" कॅशिअरबाईने विचारलं.

"खडू जाईल," तो म्हणाला. "शिवण राहील."

मशिनं थांबली. कॅशिअरबाईने अभ्र्याची चौकोनी घडी घातली, "बाई, येते," म्हणाली, आणि पुन्हा काही आली नाही. तिच्यामागे दोघी गेल्या. उरलेल्या आपलं काम मांडीवर झाकून शिवू लागल्या, परीक्षेत शेजारणीने बघू नये म्हणून पेपर झाकतात तसं.

त्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "अहो, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला काही येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे करायला. हाताने. काहीही."

त्याने पाण्याचा घोट घेतला. पेला कडेला किंचित वाकडा होता, पण ते सांगायची ही वेळ नाही एवढं त्याला समजलं.

"पहिल्या तारखेला नवा वर्ग सुरू होतोय," ती म्हणाली. "त्याच्या आत तुमच्या हाताला काहीतरी काम लावा. नाहीतर मी मशिनं उचलून मोठीकडे नेते. तिची खालची खोली रिकामीच आहे." मोठी म्हणजे तिची थोरली बहीण.

"मशिनं नेतेस? आणि तू?"

"मशिनं एकटी जाऊन काय करतील?"

तो हसला. हसणं नीट बसलं नाही, कुठेतरी फट राहिली, हे त्याचं त्यालाच जाणवलं. बायको धमक्या देणारी नव्हती. इतक्या वर्षांत तिने एकच धमकी दिली होती, ती त्याच्या आईला, आणि ती तिने खरी करून दाखवली होती.

उपाय घेऊन आला मेव्हणा. बायकोचा हा धाकटा भाऊ विमा विकत असे, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक संकटावर तोडगा असे. फक्त हप्ते दुसऱ्याने भरायचे.

"दाजी, तुम्ही जहाज करा."

"कसलं जहाज?"

"लाकडी हो. डब्यात सुटे भाग येतात. माझ्या दाताच्या डॉक्टरकडे काचेच्या पेटीत ठेवलंय. डोलकाठ्या, शिडं, दोऱ्या, सगळं. डॉक्टरने स्वतः केलंय. दोन वर्षं लागली म्हणाला."

"दोन वर्षं?" हे बायको म्हणाली, स्वयंपाकघरातून. तिच्या आवाजात एवढी आशा त्याने लग्नाच्या दिवशीही ऐकली नव्हती.

लालखडूने विषय मनावर घेतला. मनावर घेतला म्हणजे त्याचा अभ्यास सुरू केला. तो फोनवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ पाहू लागला. ते म्हातारे भल्या मोठ्या भिंगामागे बसून चिमट्याने एवढ्याशा शिड्या बांधत आणि त्यांच्या घरात दुसरं कोणी दिसत नसे. त्यांच्या बायका कुठे गेल्या असतील, हा प्रश्न त्याला एकदा पडला. त्याने तो व्हिडिओ बंद करून पुढचा लावला.

सगळे एकच सांगत होते: नवशिक्याने लहान घ्यावं. एक डोलकाठी, सपाट तळ, थोडे भाग. हे ऐकून त्याला राग यायचा. नवशिका! ज्याच्यापुढे मोठमोठे कारागीर टोपी काढून उभे राहात, त्याने मासे पकडायच्या होडीपासून सुरुवात करायची? शिकवणाऱ्याला कोणी बाराखडी गिरवायला लावतं का?

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, चष्म्याच्या दुकानाच्या वर. अरुंद लाकडी जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला छतापर्यंत डबे: आगगाड्या, विमानं, जहाजं, रंगाच्या इवल्या बाटल्या. दुकानदार किडकिडीत माणूस. त्याच्या बोटांना कायम गोंद लागलेला, त्यामुळे तो चहाचा कप खाली ठेवायचा तरी कप थोडा वेळ हाताबरोबरच राहायचा.

"पहिलंच का?" दुकानदाराने विचारलं.

"मी आयुष्यभर तपासणीत होतो. शेवटच्या तपासणीत."

"म्हणजे पहिलंच." त्याने खालच्या फळीवरून एक छोटा डबा काढला. झाकणावर मासेमारीची होडी होती, भाबडी, एका शिडाची. "हे न्या. सांगाडा कापून आलेला आहे, फक्त जुळवायचा. शिवाय दोन थरांचं आहे."

"म्हणजे काय?"

"सांगाड्यावर आधी साध्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. पहिल्यांदा करणाऱ्याच्या त्या वाकड्या बसतात, फटी राहतात, कुठे फुगतं, कुठे दबतं. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, आणि त्यावर चांगल्या लाकडाचा दुसरा थर. खालचं काही दिसत नाही."

"म्हणजे चूक करायची आणि वरून झाकायची."

"हो," दुकानदार म्हणाला, पंखा लावू का विचारावं तितक्या सहज.

"आमच्याकडे याला लबाडी म्हणायचे."

"आमच्याकडे पहिला थर म्हणतात."

लालखडूने मान वर केली. सगळ्यात वरच्या फळीवर एक डबा आडवा पडला होता, शवपेटीएवढा. तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, दोन्ही बाजूंनी तोफांच्या रांगा, एकच थर, झाकायची सोय नाही. डब्यावर ठळक छापलं होतं: अनुभवी हातांसाठी.

"ते," तो म्हणाला.

"साहेब, ते मी शोभेला ठेवलंय. गेल्या खेपेला एकाने नेलं, तो आता मला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर जातो."

"त्याने तपासून घेतलं नसेल."

दुकानदाराने शिडी लावली. जगात अशी काही गिऱ्हाइकं असतात की ज्यांना खाई दाखवली तर ती खोली विचारतात.

डबा घरी आला तो टेबलावरच चढला, दुसरीकडे मावतच नव्हता. बायकोने डबा पाहिला, टेबल पाहिलं, कॅलेंडर पाहिलं.

"सुरू कधी करताय?"

"आधी माल तपासायला हवा."

तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

आता त्याच्या आयुष्याला पुन्हा आकार आला. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि टेबलाशी. शेकडो पट्ट्या, काठ्या, कप्प्या, तोफा. तीन ताटल्या मांडल्या: पास, नापास, शंकास्पद. तोफा पितळेच्या होत्या, त्यांना तर तो भेटायला आलेल्या गाववाल्यांसारखं ओळखत होता, म्हणून त्यांना जास्तच कडक माप लावलं. अर्ध्या तोफा नापास झाल्या. लाकडाचं मात्र काही केल्या जमेना. सकाळी पास झालेली पट्टी दुपारी नापास व्हायची, आणि संध्याकाळी गार वारं सुटलं की पुन्हा पास. पितळ असं कधी वागलं नव्हतं. पितळेला शब्द असतो. लाकूड झाडावरून उतरून शंभर वर्षं झाली तरी हवेशी बोलत बसतं. त्याने आधी व्हर्नियरवर संशय घेतला, मग चष्म्यावर, मग बनवणाऱ्या कंपनीवर. शेवटी चोर सापडला. चोर होता घरातच. वाफेची इस्त्री.

"वर्ग चालू असताना इस्त्री लावायची नाही," त्याने बायकोला सांगितलं. "वाफ पट्ट्यांना लागते."

"शिवण दाबायची कशाने?"

"हाताने दाबा."

"गोंदाची बाटली उघडलीत का?" तिने विचारलं.

बाटलीचं सील शाबूत होतं. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तो ती रोज पुसत असे.

खरी गोष्ट अशी की गोंदाला तो भ्यायला होता. अगदी तरुणपणी, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला तेव्हा त्याला लेथवर उभं केलं होतं. पहिलाच जॉब त्याने एका बाजूने जास्त कातला. उस्तादाने तो तारेत ओवून भिंतीवर टांगला आणि प्रत्येक नव्या तुकडीला दाखवला. त्या वर्षी त्याने ठरवलं की टेबलाची दुसरी बाजू बरी. तिथे चुका येतात, पण दुसऱ्यांच्या येतात. चिकटवलेली पट्टी ही आपली असते. न चिकटवलेली कंपनीची.

पहिली तारीख उजाडली. नव्या वर्गाला सहाजणी आल्या. टेबलावर लढाऊ जहाजाचे अवयव मांडलेले, इस्त्री बंद. बायकांनी जमिनीवर कापड पसरून बेतलं, गुडघे धरून उठल्या, पुन्हा बसल्या. कोणाच्या तरी पायाने जमीन हादरली आणि दोन तोफा घरंगळून खाली पडल्या.

"जरा हळू चाला," लालखडू म्हणाला. "तोफा आहेत."

एक तरुण मुलगी फिसकन हसली. बायको हसली नाही आणि रागावलीही नाही. ती फक्त म्हणाली, "हो, हळू चाला," आणि तिने दोन्ही तोफा उचलून टेबलावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. दोन हमाल आणि त्यांच्यावर देखरेख करायला मेव्हणा. मशिनं एकामागून एक जिना उतरली. लालखडू कठड्याशी उभा होता. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, "तिसरी पायरी सांभाळा. उंच आहे."

बायकोने पर्स खांद्याला अडकवली. "जेवण झाकून ठेवलंय. संध्याकाळी येते."

"रोज असंच?"

"सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. माणसं कामाला जातात तशी. तुम्हाला काय नवीन आहे?"

"पण येशील ना?"

"येववेल तोवर येईन," ती म्हणाली, आणि तिसऱ्या पायरीवर न अडखळता खाली गेली.

मशिनं गेली त्या जागी फरशीवर पायांचे ठसे राहिले होते. प्रत्येक मशिनचे चार फिके गोल, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. घराचा आवाजही गेला. बायको सुट्टीच्या दिवशीही एखादं मशिन चालवत असे, त्या खडखडाटात तो इतकी वर्षं झोपला होता. आता तो गेल्यावर समजलं की तो आवाज कानात नव्हता, भिंतीत होता. लालखडूने उरलेल्या पट्ट्या तपासल्या. दुपारी जेवण तपासलं. त्यात काही काढण्यासारखं नव्हतं, म्हणून गिळवलं नाही. असे काही दिवस गेले. बायको संध्याकाळी यायची, पाय धुवायची, "काय झालं आज?" विचारलं तर "काही नाही" म्हणायची. हे उत्तर त्याच्या ओळखीचं होतं. कारखान्यातून आल्यावर तो हेच उत्तर देत आला होता. ते ऐकायला कसं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं.

एक दिवस त्याने जहाजाची ती शवपेटी रिक्षात घातली आणि दुकान गाठलं.

"तोफा वाकड्या आहेत," त्याने सुरुवात केली.

दुकानदाराने झाकण उघडलं. एक पट्टी उचलली, लाल फुली. दुसरी उचलली, लाल फुली. तिसरी, चौथी. "साहेब, हे काय झालंय?"

"नापास झालेत ते भाग."

"चिकटवलंत काय काय?"

"अजून काही नाही."

"म्हणजे इतके दिवस..."

"तपासणी."

दुकानदार फुलीवरून बोट फिरवत राहिला. "परत नाही घेता येणार हो. हे मी कोणाला विकू? गिऱ्हाईक विचारेल, कोणत्या लढाईतून आणलंत?" मग त्याने याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढली होती, शर्टाला इस्त्री नव्हती. "घरी कोण असतं?"

"कोणी नसतं." जरा थांबून तो म्हणाला, "दिवसा."

"आधी?"

"आधी शिवणवर्ग होता. बायकोचा. मी... तिथेही तपासणी करत होतो."

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं. कारखान्यात म्हटलं असतं तर ते बढतीचं वाक्य वाटलं असतं. इथे, रंगाच्या बाटल्या आणि खेळण्यातल्या आगगाड्यांमध्ये, ते गुन्हा कबूल केल्यासारखं ऐकू आलं. दुकानदाराच्याही घरी कोणीतरी असणार, किंवा नसणार. त्याने खालच्या फळीवरून छोटा डबा काढला आणि पुढे सरकवला.

"तीच?" लालखडूने विचारलं.

"तीच. होडी. दोन थरांची."

"हिच्यापेक्षा लहान काही नाही?"

तेव्हा दुकानदाराच्या लक्षात आलं की हा माणूस आता खरंच जहाज करणार.

होडी टेबलावर आली. टेबल आता रिकामंच होतं, मोठं, मैदानासारखं. लालखडूने गोंदाचं सील तोडलं. पहिली बरगडी कण्याच्या खाचेत बसवली, गुण्याने काटकोन पाहिला, आणि काटकोन बघेपर्यंत गोंद सुकला तो बरगडी तिरपी धरूनच. दुसरी बरगडी पहिलीकडे बघून तिरपी झाली. वाईट संगत. पट्ट्या भिजवून वाकवायच्या होत्या. त्याने एक वाकवली ती मोडली, दुसरी वाकवली ती पिळवटली, तिसरी बसली पण टोकाला उभी राहिली. बोटांना बोटं चिकटली. पहिला थर अर्धा झाला तेव्हा त्याने होडी हातभर अंतरावर धरून पाहिली. पोट फुगलेलं, एका खांद्यात वाकलेली, रुसलेल्या म्हशीसारखी. सवयीने हात खिशात गेला, खडू निघाला. त्याने होडीवर जागा शोधली. एका फुलीने भागण्यासारखं नव्हतं. सगळी होडीच लाल करावी लागली असती. त्याने खडू परत खिशात ठेवला. त्यात मोठेपणा काही नव्हता, खडू पुरला नसता.

संध्याकाळी बायको आली, पर्स खुंटीला लावली, आणि पाहते तर नवरा टेबलाशी उभा, हात मागे बांधून. वर्गाच्या नव्या मुली पहिलं काम दाखवताना उभ्या राहतात तसा.

"काय हे?"

"होडी."

"कोणत्या बाजूने बघायची?"

"कोणत्याही."

तिने ती उचलली, उजेडात फिरवली. तिच्या बोटाने फुगलेली जागा लगेच पकडली. "इथे फुगलीय."

"माहीत आहे."

"इथे फट आहे."

"तीही माहीत आहे."

"मग उसवायचं ना."

"लाकूड उसवत नाही."

यावर ती हसली. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग खुर्चीत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याचा पहिला विचार असा आला की ही टिंगल आहे. दुसरा असा, की ही घरात हसतेय. दुसऱ्या विचारावर तो थांबला.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मोठीही आता वर्गात येऊन बसायला लागलीय."

"शिकायला?"

"नाही. बघायला."

"मग?"

"मग बोलायला. तुम्ही निदान मोजून बोलायचात. ती न मोजताच बोलते. काल एकीला म्हणाली, हे हात आहेत की पाय." तिने होडी खाली ठेवली. "सोमवारी मशिनं परत आणते."

लालखडूला वाटलं होतं, मशिनं आलीच तर आपल्यातल्या बदलामुळे येतील. ती मेव्हणीच्या तोंडामुळे आली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. त्याला दिलं ते शेजारचं छप्पर गळायला लागलं म्हणून. त्याने कुरकुर केली नाही.

"पण मला टेबल लागेल," ती म्हणाली. "सगळं टेबल. आणि इस्त्री."

"होडी ओली आहे. सुकेपर्यंत हलवता येत नाही."

तिने फक्त पाहिलं. त्याने होडीखाली दोन्ही तळवे घातले आणि ती तान्ह्या मुलासारखी उचलून स्वयंपाकघरात नेली. दारातून जाताना एक पट्टी सुटून खाली पडली. तो काही बोलला नाही. म्हणजे बोलला, पण चौकटीला.

सोमवारी मशिनं तिसरी पायरी चढून वर आली, आपापल्या फिक्या गोलांवर उभी राहिली. दुपारी सहाजणी आल्या, सातवीही एक नवी. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं. आत जेवणाच्या टेबलावर लालखडू सुटलेली पट्टी नव्याने बसवत होता. ती नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, वळायची होती, नेमकी सगळ्यात हट्टी. गोंद लावला, वाकवली, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. गोंद पकडेपर्यंत सोडायची नव्हती.

बाहेर एक मशिन सुरू झालं. खड-खड-खड, मग एक टाका गळला, खड-खड, पुन्हा गळला. लालखडूच्या कानाला ते टोचलं. व्हर्नियरची गरजच नव्हती. त्याचे गुडघे खुर्चीतून उठू लागले. पट्टी लगेच उठू लागली. गुडघे बसले. माणूस सुधारत वगैरे काही नाही, फार तर कुठेतरी गुंततो. पण जीभ गुंतलेली नव्हती.

"बॉबिनचा दोरा सैल आहे!" तो आतून ओरडला.

"माहीत आहे!" बायको बाहेरून ओरडली. "कळेल तिला! तिचं तिला कळू दे!"

मशिन थांबलं. सगळी थांबली. मग सातवीचा आवाज आला, दबका, "बाई, आत कोण आहेत?"

"आत ना?" बायको म्हणाली. "शिकतायत."

खोलीभर हसू पसरलं, आणि त्या हसण्यातच ते मशिन पुन्हा सुरू झालं, टाके गाळत. लालखडूच्या तोंडाशी एक चांगलं खणखणीत उत्तर आलं होतं. ते जाऊन दारात उभं राहूनच द्यायला हवं होतं. त्याने उजवा अंगठा जरासा सैल करून पाहिला.

पट्टी अजून धरत नव्हती.